आत रोल आहे ना?

आईच्या देवघरात एक काळी प्लास्टिकची डबी आहे, राखाडी झाकणाची. तीत नरसोबाच्या वाडीचा अंगारा असतो. तशीच दुसरी डबी स्वयंपाकघरात हिंगाची आणि तिसरी शिवणाच्या डब्यात टिचबटणांची. झाकण असं गच्च बसतं की हिंगाचा वास बाहेर येत नाही आणि कऱ्हाडच्या पावसाळ्यातही अंगारा ओला होत नाही. या डब्या मुळात फोटोच्या रोलच्या. आमच्या घरात अशा एकूण अकरा होत्या आणि कुठल्याही वहीपेक्षा चोख हिशेब त्या सांगायच्या, कारण वर्षाला एक रोल हा आमचा रतीब होता. अकरा डब्या, अकरा वर्षं. पुढे धाकट्या भावाने डिजिटल कॅमेरा आणला आणि डब्यांची आवक थांबली.

गेल्या महिन्यात पुण्याहून आईकडे गेलो तेव्हा माझ्या पिशवीत बारावी डबी होती. आत रंगीत रोल, छत्तीस फोटोंचा. किंमत हजाराच्या वर. धुण्याचे आणि स्कॅनिंगचे पैसे धरले तर एका क्लिकला चाळीसेक रुपये पडतात, म्हणजे दोन वडापाव. आईने किंमत विचारली. मी निम्मी सांगितली. निम्मी ऐकूनही तिने तो रोल तळहातावर घेऊन सराफासारखा तोलून पाहिला, आणि मग एवढंच म्हणाली, "डबी मला ठेव."

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांचा पहिला कॅमेरा आग्फा क्लिक थ्री, बडोद्यात बनलेला. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. त्यात ते बहुतेक 'इंदू' घालत. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यातली कृष्णधवल फिल्म. फिल्मवर धुळीचा एक कण बसला तरी तो फोटोत खडकाएवढा दिसतो. म्हणून कारखान्यासाठी डोंगरावरची थंड, स्वच्छ हवा निवडली होती. १९६० साली कंपनी स्थापन झाली, फ्रेंच तंत्रज्ञान घेऊन १९६७ साली उत्पादन सुरू झालं. इंदू म्हणजे चंद्र. चांदीच्या फिल्मला यापेक्षा चांगलं नाव सुचलं नसतं कुणाला. तो कारखाना आता बंद आहे. कारखान्याभोवतीच्या वस्तीचं नाव मात्र अजून इंदूनगर.

नव्वदीच्या सुरुवातीला वडिलांनी एका सहकाऱ्याकडून याशिका घेतला, वापरलेला, आणि घरात रंग आला. रोल ऐंशी-नव्वद रुपयांचा. तेवढ्यात आमचं आठवड्याचं दूध यायचं. गणपतीच्या आधी दोन दिवस रोल आणायचा आणि त्याच रात्री छत्तीस फोटोंची वाटणी व्हायची: गौरी-गणपती आठ, दिवाळी सहा, आत्याकडची मुंज दहा, शाळेचं स्नेहसंमेलन चार, बाकी अडीअडचणीला. अडीअडचण म्हणजे कुणी म्हातारं माणूस फार आजारी पडलं तर. हे कुणी उघड बोलत नसे, पण ते आठ फोटो राखून ठेवलेले असत हे सगळ्यांना ठाऊक होतं. रोल पुरा झाल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही, हा दुसरा नियम. त्यामुळे चार फोटोंच्या सहा इंची पट्टीवर कधी कधी सहा महिने मावायचे. एका चौकटीत मी हाफपँटमध्ये आणि लगेच शेजारच्या चौकटीत मिसरूड फुटलेला.

रोल वाया घालवणं हे पाप होतं. आणि जिथे पाप असतं तिथे पळवाटही असते. लग्नातले फोटोग्राफर या बाबतीत पोचलेले. एखादे मामा तिसऱ्यांदा 'आमचा एक घ्या की' म्हणत वधूवरांच्या मागे उभे राहिले की फोटोग्राफर हसून कॅमेरा डोळ्याला लावायचा, लख्खकन उजेड पडायचा, मामा खूश. फोटो मात्र कधीच यायचा नाही. याला 'नुसता फ्लॅश मारला' म्हणत. बॅटरी रोलपेक्षा स्वस्त. आईच्या लग्नात तिच्या माहेरच्या निम्म्या माणसांवर असा नुसता फ्लॅश मारला गेला होता, अल्बम आल्यावर ते कळलं, आणि पन्नास वर्षं होत आली तरी ती ते विसरलेली नाही. अजूनही कुणी कॅमेरा रोखला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "आत रोल आहे ना?"

वडिलांची पळवाट निराळी. रोल घातला, कॅमेऱ्याचं पाठीमागचं दार लावलं, की फिल्मचा सुरुवातीचा उजेड खाल्लेला तुकडा पुढे सरकवावा लागतो. आकडा एकवर येईपर्यंत एक-दोनदा खटका दाबायचा आणि चाक फिरवायचं. ते दोन क्लिक हिशेबात नसत. वडील ते फुकट घालवत नसत, पण त्यासाठी कुणाला उभंही करत नसत. कॅमेरा ज्या दिशेला असेल तिकडे दाबून मोकळे. आलं तर आलं. कधी छताची कडी, कधी दारातल्या चपला. धुवायला देताना स्टुडिओवाल्याला बजावायचं, "चांगले आले असतील तेवढेच छापा." त्यामुळे हे दोन कधी छापलेच गेले नाहीत.

रोल महाग का? लहानपणी याचं उत्तर मला काकांनी दिलं होतं. ते मिरजेला एका दवाखान्यात एक्स-रे विभागात होते. तिथल्या अंधाऱ्या खोलीत फिल्म पक्की करणाऱ्या हायपोच्या द्रावणाची टाकी असायची. फिल्म धुतल्यावर तिच्यावरची न वापरलेली चांदी हायपोत उतरते. ते वापरून झालेलं पाणी ओतून द्यायचं नाही. कॅनमध्ये भरून ठेवायचं. महिन्यातून एकदा एक माणूस येऊन ते विकत घेऊन जायचा, आणि जुने, बेवारस एक्स-रे किलोवर. तो मूळचा झारेकरी. सराफांच्या दारातली धूळ झाडून, गटारातला गाळ चाळून सोन्याचे कण काढणाऱ्या घरातला. "फोटोत चांदी असते बाळ," काका म्हणाले, "म्हणून तर तुझे वडील जपून काढतात." मी घरी येऊन आजीचा एक फोटो उजेडात तिरका धरून बघितला. चांदी काही दिसली नाही. आणि तो तर रंगीत होता. रंगीत फोटोतली चांदी धुण्यातच निघून जाते आणि मागे नुसते रंग उरतात, हे मला पुढे कित्येक वर्षांनी कळलं.

चांदीने फोटोवाल्यांना एकदा चांगलंच भाजलं होतं. टेक्सासच्या हंट बंधूंनी एवढी चांदी साठवली की वर्षभरापूर्वी सहा-सात डॉलरला मिळणारा औंस जानेवारी १९८० मध्ये पन्नास डॉलरच्या आसपास गेला. जगभर फिल्म महागली, एक्स-रे महागले. मार्चच्या अखेरीला तो फुगा फुटला. तो उच्चांक मग पंचेचाळीस वर्षं टिकला. ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदी त्याच्या पुढे गेली. माझ्यासारखाच फिल्मवर फोटो काढणारा एक मित्र तेव्हा म्हणाला, "आता बायको पैंजण मागेल की मी रोल मागू?"

पण चांदी हा कारणाचा एक तुकडा झाला. फिल्मच्या पट्टीवर जो थर असतो तो जिलेटिनचा, जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला. त्यात चांदीचे क्षार अडकून बसलेले असतात. जिलेटिन कुठलंही चालत नाही. पूर्वी एका लॉटच्या फिल्मला झटकन उजेड कळायचा आणि दुसऱ्या लॉटची ठोंबी निघायची. का, ते कुणाला कळेना. १९२० च्या दशकात कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्ड या संशोधकाने छडा लावला. गायींनी मोहरीच्या जातीचा पाला खाल्लेला असला की त्यातला गंधक अंशरूपाने जिलेटिनमध्ये उतरतो आणि फिल्म तल्लख होते. फोटोच्या शोधात मोहरीचाही वाटा आहे, हे वाचल्या दिवसापासून फोडणी तडतडली की मला उगाचच डार्करूमची आठवण येते.

खरी गोम कारखान्याच्या आकारात आहे. रंगीत फिल्मवर डझनभर थर, सगळे मिळून केसाच्या जाडीपेक्षा कमी, आणि ते द्यायचे मिट्ट काळोखात, मैलोगणती लांब पट्टीवर. ही यंत्रं सगळं जग फिल्मवर चालत होतं त्या काळासाठी बांधलेली. कोडॅकची सिनेमाची फिल्मच २००६ साली १,२४० कोटी फूट खपली होती. २०१४ साली तो आकडा सुमारे ४५ कोटी फुटांवर आला. हजार पानांच्या पंगतीसाठी बांधलेल्या चुलाण्यावर चाळीस माणसांचा भात शिजवायचा, आणि चुलाण्याला लाकडं तेवढीच. तो भात वाटीला कितीला पडेल? त्यात चूल पेटवणारे जुने आचारी निवृत्त झालेले. २००४ मध्ये इलफर्ड अडचणीत आली, २००५ मध्ये आग्फाफोटो बुडाली, जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. फुजी तरली, कारण तिने जिलेटिन-कोलॅजनची विद्या इतरत्रही वळवली. २००७ साली चेहऱ्याला लावायची क्रीम काढली. फोटो पिवळा पडू नये म्हणून शिकलेलं शास्त्र थेट गालावर.

गंमत अशी की फिल्म शेवटचे श्वास घेत होती तेव्हा ती जवळजवळ फुकट होती. २००८-१० च्या सुमाराला पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी, रविवारी फडक्यावर कॅमेरे पसरलेले असत, इस्त्री आणि मिक्सरच्या भांड्यांच्या शेजारी. चालतोय का म्हणून विचारलं तर विकणारा खांदे उडवायचा. आमच्या ओळखीच्या एका स्टुडिओवाल्याने दुकान आवरताना मुदत संपलेल्या रोलांची अख्खी पिशवी मला दिली आणि वर चहा पाजला. मरणाऱ्याची किंमत कुणी करत नाही. मग कॉलेजातली पोरं फिल्मकडे वळली. ज्यांच्या लहानपणीच घरोघरचे अल्बम बंद झाले होते, ती पोरं. अमेरिकेतल्या काही दिग्दर्शकांनी स्टुडिओंना भरीला घालून कोडॅकशी करार करवले आणि सिनेमाच्या आधाराने चूल पेटती राहिली. कोडॅकने बंद केलेली एक्टाक्रोम फिल्म २०१८ मध्ये परत आली. आणि मागणी वाढू लागली तसे भावही चढत गेले, २०२० साली, २०२२ साली, पुन्हा पुन्हा. लोकांनी सोडलं तेव्हा स्वस्त, लोकांनी जवळ केलं तेव्हा महाग. आमच्यासारख्या जुन्या भक्तांची अवस्था गावातल्या लहानशा देवळात रोज जाणाऱ्यासारखी झाली. देव नवसाला पावतो अशी बातमी पसरते, रांग लागते, आणि आपल्याला नारळ चौपट भावाने घ्यावा लागतो. तक्रार करायची तरी कुणाकडे? रांगेमुळेच देवळाचं छप्पर दुरुस्त होतंय.

मग आम्ही भिशी सुरू केली. फिल्मची भिशी. आम्ही सहाजण: एक बँकेतला, एक दातांचा डॉक्टर, दोघं आयटीवाले, एक चित्रकलेची शिक्षिका आणि मी. कृष्णधवल फिल्म शंभर फुटी डब्यात मिळते. एक डबा मागवायचा, त्यातून छत्तीस फोटोंचे अठराएक रोल होतात, प्रत्येकाच्या वाट्याला तीन. स्टुडिओवाल्यांकडून रिकामी नळकांडी मागून आणायची, न्हाणीघराच्या दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबायचा, वरून रजई घ्यायची आणि चाचपडत फिल्म गुंडाळायची. एप्रिलमध्ये हे काम फार कठीण. घाम फिल्मवर पडला की संपलं. शिक्षिकाबाई आमच्यात सगळ्यांत कुशल; त्या म्हणतात, लहानपणी आजीबरोबर वाती वळल्या होत्या, तोच हात.

दातांच्या डॉक्टरला स्वस्ताईचं वेडच आहे. त्याच्याकडे आजोबांच्या काळातला मोठा लाकडी कॅमेरा आहे, पत्र्याच्या पाटीएवढी फिल्म लागणारा. तसली फिल्म परवडणं शक्य नाही, म्हणून तो एक्स-रेची फिल्म कापून घालतो. या फिल्मला लाल रंग दिसत नाही, म्हणून लाल दिव्यात निवांत कापता येते; पण त्यामुळेच माणसांचे ओठ काळेठिक्कर येतात आणि कुंकू डांबरासारखं. त्याने काढलेल्या आमच्या सगळ्यांच्या छब्या तमाशातल्या सोंगाड्यांसारख्या दिसतात. आयटीवाल्यांपैकी एकाला सिनेमाच्या शूटिंगमध्ये उरलेले फिल्मचे तुकडे मिळाले होते. त्या फिल्मच्या पाठीला काजळीसारखा काळा थर होता. सोड्याच्या पाण्यात चोळून काढावा लागला. दुसऱ्या आयटीवाल्याचा चुलतभाऊ न्यू जर्सीहून येतो. पूर्वी अशा भावांकडून चॉकलेटं आणि अत्तराच्या बाटल्या मागवत. हा रोल मागवतो आणि वर सूचना देतो की विमानतळावर पिशवी यंत्रातून जाऊ देऊ नकोस, हातानं तपासा म्हणून सांग. नव्या यंत्रांच्या क्ष-किरणांनी फिल्म धुरकट होते. गेल्या खेपेला भाऊ तिथल्या अधिकाऱ्याला हे समजावत बसला आणि विमान चुकता चुकता राहिलं. चुलत्यांनी फोन करून आमच्या गटाचा उद्धार केला.

कॉफीचा प्रयोग माझा. इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्वाची पूड, एवढ्यावर कृष्णधवल फिल्म धुता येते. १९९५ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या तंत्रशिक्षण संस्थेत एका वर्गाने कॉफी आणि सोडा वापरून हे करून दाखवलं. कोडॅकच्याच गावात, कोडॅकच्या रसायनांना घरगुती पर्याय. फिल्म पक्की करायला हायपो लागतोच, पण निम्मा खर्च वाचेल असं मला वाटलं होतं. पुस्तकी वर्णनात एक गोष्ट पुरेशा गांभीर्याने सांगितलेली नसते, ती म्हणजे वास. ओल्या गोणपाटात आठवडाभर कुजलेल्या मुळ्यासारखा. बायकोने दार उघडून पाहिलं, काही बोलली नाही, बॅग भरून बहिणीकडे गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा तारेवर चिमट्यांना निगेटिव्ह लटकत होत्या आणि एकीवर तिचाच फोटो होता. म्हणाली, "कॉफी कितीची गेली?" हिशेब केला तेव्हा बाजारची रसायनं फार महाग पडली नसती असं निघालं.

आमच्या या खटाटोपाला लोक दोन नावं देतात. काहीजण म्हणतात वेड. त्यांच्याशी माझं भांडण नाही. दुसरे म्हणतात, 'फिल्ममुळे माणूस थांबायला शिकतो, विचार करून फोटो काढतो, महाग आहे म्हणून मोल कळतं.' हे मला अजिबात पटत नाही. मोल कळण्यासाठी गोष्ट महाग असावी लागते, असं म्हणणाऱ्याने गणपतीच्या आधी छत्तीस फोटोंची वाटणी करताना वडिलांचा चेहरा पाहिलेला नसतो. आमच्या अल्बममधली माणसं पाहा. सगळी ताठ, श्वास रोखलेली, डोळे विस्फारलेली. डोळा मिटला तर तीन रुपये वाया जातील ही भीती प्रत्येकाच्या तोंडावर. छत्तिसातला प्रत्येक फोटो नीट विचार करून काढलेला आहे, आणि त्यात आमचं घर कुठेच नाही. आहे ती घराची अर्जाला चिकटवण्याजोगी प्रत. कोडॅकच्या कोडाक्रोम फिल्मचा कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल २०१० साली स्टीव्ह मॅकरी या छायाचित्रकाराने वापरला. तो घेऊन तो मुंबईलाही आला होता, सिनेमातल्या लोकांचे फोटो काढायला. जगातल्या त्या शेवटच्या रोलचे छत्तीस फोटो सुरेखच आहेत. पण ते पाहताना मला तीच ओळखीची धाकधूक जाणवते. एकही फुकट घालवता येणार नव्हता त्याला.

काटकसर करायची ती कशासाठी, हा प्रश्न मला दादासाहेब फाळक्यांच्या घरात नेतो. १९१२ साली ते विलायतेहून कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन आले. फिल्म यायची ती बिनभोकांची. कडेची भोकं घरी पाडावी लागत, अंधारात. हे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. रसायनं कालवणं, फिल्म धुणं, वर घरभरच्या माणसांचा स्वयंपाक, सगळं त्यांच्याकडे. डोक्यावर आधीच कर्ज. कर्जाच्या पैशांनी चांदीची फिल्म आणलेली, म्हणजे तिचा फूट न् फूट जपायला हवा. आणि अशा घरात सुरुवातीलाच कशाचं चित्रण झालं? कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या उगवण्याचं. रोज थोडं थोडं टिपत राहायचं. भांडवल घालणाऱ्यांना विद्या दाखवायला म्हणून ते केलं, हे खरं. 'राजा हरिश्चंद्र' त्यातूनच १९१३ साली उभा राहिला. तरी डोक्यावर कर्ज असताना वाटाण्यावर फिल्म खर्चणारा माणूस आणि अंधारात त्या फिल्मला भोकं पाडून देणारी बाई, ही जोडी मला आमच्या भिशीची मूळ पुरुष-स्त्री वाटते. एवढी काटकसर केली ती वाटाण्यावर उधळता यावी म्हणून. आम्हीही रजईखाली घाम गाळतो तो मनातल्या मनात किंमत न मोजता एक फोटो काढता यावा म्हणून. अठरा रोल हाताशी असले की कुत्र्याच्या शेपटीचाही फोटो काढावासा वाटतो. तेवढंच सुख आहे त्यात, फार काही नाही.

हे माझ्या ध्यानात आलं ते वडील गेल्यानंतर. त्यांच्या कपाटात निगेटिव्हच्या पट्ट्या होत्या, प्रत्येक पाकिटावर त्यांच्या वळणदार अक्षरात साल. एका पावसाळ्यात मी त्या एकेक करून उजेडाच्या पाटीवर ठेवून उतरवून घेत होतो. १९९३ च्या पाकिटातल्या पहिल्या पट्टीच्या टोकाला एक अर्धवट फोटो होता, कडेला शून्याचा आकडा. वडिलांचा तो हिशेबाबाहेरचा क्लिक. रंग पालटून पाहिला. डावीकडचा निम्मा भाग जळून पांढराफटक, मग पिवळा, मग केशरी, मग लाल होत विझत गेलेला. उरलेल्या निम्म्यात माजघर. आजी भिंतीला टेकून बसली आहे, पुढ्यात सूप, सुपात तांदूळ. ती हसते आहे. तोंड उघडं टाकून, पोट धरून. आणि तोंडात कवळी नाही.

आजीचे आमच्याकडे सव्वीस फोटो आहेत. पंचवीस फोटोंत तिने कवळी लावलेली आहे, पदर डोक्यावरून घेतला आहे आणि ओठ मिटलेले आहेत. कवळीशिवाय ती दाराबाहेरसुद्धा पडत नसे. फोटो निघतो आहे हे कळलं असतं तर तिने वडिलांना सूप फेकून मारलं असतं. या सव्विसाव्या फोटोत केशरी जाळाच्या काठाशी एक हात दिसतो, हिरव्या बांगड्यांचा, हवेत काहीतरी वर्णन करून सांगणारा. आईचा. बाकीची आई उजेडाने खाल्ली आहे. म्हणजे हसवत होती ती आई. सासू आणि सून अशा हसायच्या हे मला त्या पट्टीपर्यंत माहीत नव्हतं. घरात तर माझ्या आठवणीत दोघींची धुसफूसच.

तो छापून गेल्या महिन्यात आईकडे नेला. तिने चष्मा पुसून बराच वेळ पाहिला. काय सांगत होतीस, विचारलं.

"काय की. असेल काहीतरी."

"एवढं हसल्या त्या."

"त्या हसायच्या," ती म्हणाली, "तुम्ही कुणी नसलं की." आणि फोटो घेऊन आत गेली. अल्बममध्ये लावला नाही. पोथीत ठेवला.

दुपारी ती लसूण सोलत बसली तेव्हा मी वडिलांचा याशिका काढला, डबी तिच्या हवाली केली आणि रोल भरला. फिल्मची जीभ चाकात अडकवली, दार लावलं. आता ते दोन क्लिक. माझ्या मनात काय होतं हे सांगायला नको. पण कॅमेरा उचलल्याबरोबर आईचा हात पदराकडे गेला, पाठ ताठ झाली, ओठ मिटले. मी कॅमेरा खाली घेतला. ठरवून काढला की फोटो शून्य नंबरचा राहत नाही, छत्तिसातलाच एक होतो, एवढं मला आधी सुचायला हवं होतं.

मग मी तिच्याशी भिशीबद्दल बोलत बसलो. रजई, घाम, डॉक्टरच्या फोटोतले काळे ओठ. कॉफीच्या वासाचं सांगितलं, बायको बॅग भरून बहिणीकडे गेली ते सांगितलं. कॅमेरा मांडीवर होता, तोंड साधारण तिच्या दिशेला. मी खिडकीबाहेरच्या शेवग्याकडे बघत खटका दाबला, चाक फिरवलं, आणखी एकदा दाबला.

"काय रे ते? आत रोल आहे ना, की नुसतंच?"

"पुढे सरकवतोय," मी म्हणालो. "अजून एक नंबर यायचाय."

रोल अजून कॅमेऱ्यातच आहे. नववा फोटो झाला आहे. गणपतीला आठ ठेवलेत.